बंदूक कोणाची? नाव, नळ्या आणि भाव

मूल्य आणि किंमत यांतला फरक समजून घ्यायचा, तर लंडनच्या जुन्या शिकारी बंदुकांचा बाजार पाहावा. 'पर्डी' हे नाव कोरलेली दुनळी शंभर वर्षांनी विकायला आली तरी चांगला भाव खाते. का? 'काम उत्तम म्हणून,' असं जाणकार सांगतात. हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे.

पाहा ना. स्प्रिंगच्या जोरावर सहज उघडणारी पर्डीची ती प्रसिद्ध यंत्रणा मुळात फ्रेडरिक बीझलीची. हा आधी पर्डीकडेच कारागीर होता. १८८० मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि पर्डीलाच विकलं. आज बीझलीच्या स्वतःच्या नावाची बंदूक तशाच अवस्थेतल्या पर्डीपेक्षा सहसा स्वस्त जाते. ज्याचं डोकं, त्याचं नाव हलकं! बर्मिंगहॅमचे कारागीर तर कितीतरी दुकानदारांसाठी बंदुका घडवत. वर नाव दुकानदाराचं. हा अन्याय आहे, आणि बाजाराला त्याचं काही वाटत नाही.

मग नाव म्हणजे नुसता फुगा? तसंही नाही. नळीची भिंत आतून घासून पातळ झाली, की पर्डीचाही भाव कोसळतो. लिलावाच्या कॅटलॉगात ही जाडी इंचाच्या हजारांशात दिलेली असते. नावावर भाळलेला गिऱ्हाईक नेमकी तीच ओळ सोडतो.

खरी गंमत पुढेच आहे. जुन्या नळ्यांचा मागचा भाग ठेवून पुढे नव्या नळ्या जोडणं, याला 'स्लीव्हिंग' म्हणतात. ब्रिटनमध्ये तशी खूण नळीवर करावीच लागते, आणि भाव बराच उतरतो. पण मूळ कंपनीनंच अख्ख्या नव्या नळ्या घातल्या, तर भाव पुष्कळसा टिकतो. म्हणजे मूळ बंदूक जास्त गेली तिथं नुकसान कमी!

'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो: रथ म्हणजे चाकं का, आस का? यांतलं काहीच नाही. 'रथ' हे व्यवहारापुरतं नाव. बाजार यात एक पोटप्रश्न घालतो: ते नाव पुन्हा द्यायचा अधिकार कोणाचा? माझ्या मते गिऱ्हाईक पैसे मोजतो ते बंदुकीबद्दल जाब देणारं कोणीतरी मागे उभं आहे म्हणून. आता हे 'कोणीतरी' म्हणजे कोण? पर्डी १९९४ पासून रिशमाँ या चैनीच्या वस्तूंच्या उद्योगसमूहाकडे आहे. नागसेनाला हसू आलं असतं.

विचारा प्रश्न.