घोषित खेळ आणि अपेक्षाक्षितिज

हान्स रॉबर्ट याउस यांच्या मते वाचक पूर्वपरिचित कृतींतून घडलेले अपेक्षाक्षितिज घेऊन नव्या कृतीला सामोरा जातो. व्हिडिओ गेमचा चाहता मात्र कृती हाती येण्यापूर्वी, केवळ घोषणेवरच, आपला निवाडा देऊन मोकळा होतो. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली आणि दोनच दिवसांनी ‘फौजी’ची घोषणा झाली. परभणी-गंगाखेडकडच्या तरुणाची या क्षेत्रातली व्युत्पत्ती (शब्द जड असला तरी योग्य आहे) बहुतांशी मोबाइलवरच्या खेळांतून झालेली. हिरावलेल्या पब्जीची जागा नवा खेळ घेईल, ही त्याची अपेक्षा साहजिक होती. २६ जानेवारी २०२१ रोजी प्रत्यक्षात आली ती गलवान खोऱ्यातील हातघाईची चकमक. शंभरांतून एकाने तगून राहण्याचा डाव तीत नव्हताच. उत्साहाचा रोष झाला.

क्षितिज आणि कृती यांमधील अंतर याउस कलामूल्याचे गमक मानतात. येथे ते गमक लागू पडत नाही. कारण हे क्षितिज पूर्वकृतींइतकेच घोषणेच्या मुहूर्तानेही रचले होते. अपेक्षाभंग झाला म्हणून ‘फौजी’ प्रयोगशील ठरत नाही. त्याचबरोबर चाहत्याच्या रोषाला अरसिकता म्हणता येत नाही: मुहूर्ताने जे सुचवले, तेच तो कृतीत शोधत होता.