एका नावाचे मोल : ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ वाचताना

भंडारा जिल्ह्यातील एका धर्मग्रामात आम्ही रुजू झालो, त्या वर्षीची गोष्ट. चर्चच्या आवारातील जुन्या आंब्यावर जाड, पट्ट्यासारख्या पानांचे झुपके लोंबत होते. बांडगूळ झाडाला खाते, हे बालपणापासून कानी पडलेले. आम्ही मुलांना वर चढविले आणि हाताला लागले तेवढे झुपके ओरबाडून काढविले. शेंड्याजवळचे तीन तेवढे वाचले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना फुले आली. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मध्ये निळसर ओठ आणि मंद सुवास! बांडगुळाला असे फूल येत नाही. मग सेमिनरीत असताना नुसता चाळून बाजूला ठेवलेला एक ग्रंथ आम्ही पुन्हा मिळविला.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा तो ग्रंथ, प्रकाशन १९६६. फादर सांतापाव हे १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. १९२८ साली ते भारतात आले, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्याआधी त्याच महाविद्यालयात फादर ब्लॅटर या स्विस येशूसंघीयाने पाया घातला होता. ब्लॅटर व मॅककॅन यांनी तिसाव्या दशकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील आमरींची, म्हणजे ऑर्किडांची, फेरतपासणी प्रसिद्ध केली होती. सांतापाव तिथून पुढे निघतात.

असा ग्रंथ साहित्य म्हणून वाचावा काय? आम्ही म्हणू, अवश्य वाचावा, पण सावकाश. त्याचा कणा म्हणजे ओळख पटविण्याची ‘किल्ली’. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय. झाडावर वाढते की जमिनीत? ओठाला मागे नळी आहे की नाही? हाती फूल नसेल तर वाचक पहिल्याच दाराशी अडतो. आम्ही फूल हाती घेऊन बसलो, दोनदा चुकलो, मागे फिरलो आणि तिसऱ्या खेपेस पोहोचलो : व्हँडा टेसेलाटा. सेमिनरीतले तुटपुंजे लॅटिन तेव्हा कामी आले. ‘टेसेला’ म्हणजे फरशीचा लहान चौकोनी तुकडा. पाकळीवरच्या जाळीचे याहून नेमके वर्णन आम्हांस सुचले नसते.

त्या नावाखाली टाकून दिलेल्या जुन्या नावांची यादी येते. ग्रंथातील उत्तम गद्य आम्हांस इथे सापडले, जरी त्यात एकही पूर्ण वाक्य नाही. रॉक्सबर्गने १७९५ साली या वनस्पतीस एपिडेन्ड्रम टेसेलाटम म्हटले. रॉबर्ट ब्राउनने १८२० साली ती व्हँडा कुळात आणून रॉक्सबर्गच्याच नावाने ओळखली. पण शास्त्राचा दंडक असा की पहिले विशेषनाम टिकते, म्हणून ‘टेसेलाटा’ परत आले. चुकलेली नावे पुसली जात नाहीत. कोणी, केव्हा, कुठे दिले ते नोंदले जाते. आपल्या समीक्षेत एवढा प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

आणि ‘व्हँडा’? विल्यम जोन्सने तो शब्द संस्कृत ‘वंदा’वरून घेतला, त्याचा अर्थ बांडगूळच! म्हणजे आमची चूक नावातच बसलेली. बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते. ही आमरी फक्त फांदीचा आधार घेते आणि लोंबत्या मुळांनी पावसाचे पाणी टिपते. आंब्याचे तिने काहीही बिघडविले नव्हते.

आमरी युरोपात पुष्कळदा चुनखडीच्या जमिनीत फुलतात. केंटमधील तशाच टेकड्यांवर डार्विनने त्यांचा अभ्यास केला. भंडाऱ्यात तुमसरच्या मँगनीजपट्ट्यातला चुनखडक केव्हाच संगमरवर झालेला. सांतापावांचे मन मात्र सह्याद्रीत रमते. पाचगणीच्या जांभ्या पठाराचे नाव धारण करणारी हॅबेनारिया पंचगणिएन्सिस ही त्यांनी व कपाडियांनी १९५७ साली जगापुढे आणली. तेव्हा नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. ती अट २०१२ पासून सैल झाली. उपासनेतून लॅटिन मागे पडल्यावरही ते रानफुलांच्या दप्तरात चाळीसेक वर्षे नांदले, याची आम्हांस गंमत वाटते.

उणिवाही सांगावयास हव्यात. १९६६ साली महाराष्ट्र राज्य सहा वर्षांचे होते, तरी मथळ्यात मुंबईच राहिली. वैदर्भीय वाचकाला ते खुपते. भाषा इंग्रजी, परिभाषा लॅटिन, म्हणून ज्यांच्या मोहाच्या झाडांवर ही फुले येतात त्यांच्या हाती ग्रंथ कधी पोहोचलाच नाही. याची किंमत खरी आहे. ‘रास्ना’ या एकाच नावाने आयुर्वेदात निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती चालतात. ही आमरी त्यांतलीच एक. नावाच्या घोळात कोणते मूळ कोणत्या काढ्यात पडते, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिवाय मोह तुटला की त्यावरची आमरीही जाते.

वर्गीकरणही अखेरचे नव्हे. १९७४ साली फादर सेसिल साल्डान्हा या दुसऱ्या येशूसंघीयाने सह्याद्रीतील काही आमरींसाठी स्मिथसोनिया हे नवे कुळ उभे केले, आणि जुन्या नोंदींत आणखी एका ओळीची भर पडली.

आवारातल्या तीन झुपक्यांपैकी एक पुढे वादळात फांदीसह खाली आला. मुलांनी तो सुतळीने खालच्या खोडाला बांधला आहे. नवी मुळे धरली आहेत. फूल अजून नाही.