एक लेखक, दोन छापखाने : फादर स्टीफन्स यांच्या ग्रंथांचे मुद्रक व परवानेदार

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील ओवीची सफाई, मराठीची स्तुती आणि आपल्या पुराणरचनेशी असलेले त्याचे नाते यांची चर्चा आता पदव्युत्तर वर्गांच्या परिचयाची आहे. मात्र या चर्चेत ग्रंथ छापणाऱ्याचा आणि छापू देणाऱ्याचा विचार फारसा होत नाही. मुद्रक हा जणू लेखकाचा मुका सेवक, अशी आमची समजूत असते. निदान या ग्रंथापुरती ती समजूत टिकत नाही, असे दाखविण्याचा येथे विचार आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यातला. १५७९ च्या एप्रिलमध्ये ते लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. त्याच वर्षी लंडनमध्ये राणी एलिझाबेथच्या नियोजित विवाहाविरुद्ध एक पुस्तिका निघाली. तिचा लेखक जॉन स्टब्ज व प्रसारक विल्यम पेज या दोघांचे उजवे हात तोडण्यात आले. मुद्रक ह्यू सिंगलटन यास क्षमा मिळाली. १५८४ मध्ये विल्यम कार्टर या मुद्रकास कॅथलिक पंथाचे पुस्तक छापल्याबद्दल फाशी देण्यात आले. पुढे १५८६ च्या हुकुमाने छापखाने लंडन व दोन विद्यापीठे एवढ्यांपुरतेच मर्यादित झाले. स्टीफन्स जेझुइट होते. मायदेशी राहून त्यांनी धर्मग्रंथ रचला असता, तर त्यास उघडपणे हात लावण्यास एकही मुद्रक धजावला नसता.

तथापि याच स्टीफन्स यांचे लेखन लंडनमध्ये छापले गेले, आणि तेही राजमान्यतेने! गोव्यास पोहोचताच त्यांनी वडिलांस लिहिलेले पत्र रिचर्ड हॅक्लूट यांनी १५८९ च्या आपल्या प्रवाससंग्रहात घेतले. त्याचे मुद्रक जॉर्ज बिशप व राल्फ न्यूबेरी हे राणीच्या मुद्रकाचे प्रतिनिधी होते. पत्रात वारे, नक्षत्रे, मासे, पक्षी, जहाजावरील हाल आहेत. पौर्वात्य समुद्रमार्ग जाणू इच्छिणाऱ्यांस ते हवेच होते. लेखकाच्या पंथाकडे अशा वेळी काणाडोळा करता येतो, हेही यावरून कळते.

आता साष्टीतील रायतूरच्या छापखान्याकडे वळू. १६१६ मध्ये तेथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. हस्तलिखितांनी नकलून ठेवलेल्या पोर्तुगीज शीर्षकपृष्ठावर लेखकाच्या नावापुढे 'इंग्रज' असे लिहिले आहे आणि पवित्र इन्क्विझिशनच्या व धर्माधिकाऱ्याच्या परवान्याने हे मुद्रण झाल्याचे नमूद आहे. ज्या परवानापद्धतीने इंग्लंडात स्टीफन्स यांच्या पंथाची वाट अडविली, त्याच जातीच्या पद्धतीने गोव्यात त्यांना वाट दिली. ती वाट कोणासाठी मोकळी झाली, हे खुद्द काव्यातच सापडते. प्रारंभी एक नवदीक्षित ब्राह्मण पाद्रींस विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? काव्याच्या सोयीसाठी योजलेला हा प्रश्न असेल. पण जुनी पोथी काढून घेणारी सत्ता आणि नव्या पोथीस परवाना देणारी सत्ता एकच होती, ही गोष्ट कवीने झाकलेली नाही. आमच्या मते या काव्याचे हे सर्वांत धीट स्थळ आहे.

परवाना मिळाला, पण लिपी मिळाली नाही. १६०८ च्या डिसेंबरात आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांस लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी ही व्यथा मांडली आहे. मलबारात देशी भाषेची पुस्तके देशी अक्षरांत निघतात, तशी येथेही निघावीत अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. अडचणी दोन : युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतात, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून हे काम होणे नाही. पहिली अडचण खिळे पाडणाऱ्याची आहे, दुसरी कचेरीची. अखेर मराठी ओवी रोमन खिळ्यांत जुळविली गेली. रोमन लिपीची निवड म्हणजे कवीची अभिरुची, असा सूर कधी कधी ऐकू येतो. त्यास या पत्राचा आधार नाही.

शब्दसंपत्तीचाही प्रश्न येथेच उद्भवतो. लंडनमध्ये जतन केलेली एक देवनागरी प्रत आहे. रोमन पाठात धर्मसंकल्पनांसाठी जेथे पोर्तुगीज शब्द येतात, तेथे या प्रतीत बहुधा संस्कृत शब्द आढळतात. यांपैकी मूळ पाठ कोणता, हा वाद आम्ही येथे सोडवू पाहत नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की, परवान्यासाठी तपासला जाणारा पाठ आणि परवान्याच्या कक्षेबाहेर हातोहात फिरणारा पाठ यांची भाषा सारखीच असावी, अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे. हे अनुमान आहे. पण पाठचिकित्सकाने ते निदान तपासून पाहावे.

१६४९ व १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने देशी भाषेचा वापर तीन वर्षांत थांबविण्याचा हुकूम काढला. तिन्ही आवृत्त्यांची आज एकही छापील प्रत उपलब्ध नाही. मुद्रणाने ग्रंथ अक्षय होतो या विधानास एवढा कठोर अपवाद क्वचितच सापडेल. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण तगले ते भाविक कुटुंबांनी उतरवून घेतलेल्या वह्यांमुळे. धाराशिवच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग आणि तुळजापूरच्या गोंधळ्यांची कवने छापखाना येण्यापूर्वी शतकानुशतके वहीत नि कंठातच राहिली होती. फरक एवढाच की, गोरोबांच्या अभंगांस कोणाचा परवाना लागला नाही, म्हणून त्यांचा प्रथम पाठ कोणता, हे सांगणारे शीर्षकपृष्ठही नाही.

वह्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून ख्रिस्तपुराणाची आवृत्ती काढली. तीही रोमन लिपीतच होती. १६०८ च्या पत्रातील मागणीप्रमाणे देवनागरी खिळ्यांत हा ग्रंथ १९५६ मध्ये पुण्याहून निघाला. त्याचे संपादक होते शान्ताराम बंडेलू.