उद्यासाठी राखून ठेवलेली खाच

आजचं व्याख्यान मदरबोर्डवरच्या एका खाचेविषयी आहे.

तैवानच्या एएसरॉक कंपनीने २००५ साली ‘९३९ड्युअल-साटा२’ नावाचा मदरबोर्ड आणला. स्वस्तातला बोर्ड म्हणूनच तो ओळखला गेला. एएमडीच्या ॲथलॉन ६४ प्रोसेसरसाठी त्यावर सॉकेट ९३९ होतं, डीडीआर मेमरीची जागा होती, ग्राफिक्स कार्डाची सोय होती. या सगळ्याच्या जोडीला एक जादा लांबट खाच होती. तिचं नाव ‘फ्यूचर सीपीयू पोर्ट’. म्हणजे काय, तर उद्या प्रोसेसरचं सॉकेट बदललं तरी घाबरू नका; एक कार्ड घ्या, या खाचेत बसवा, नवा प्रोसेसर त्या कार्डावर लावा. बोर्ड तोच राहील.

या कल्पनेचं कौतुक भरपूर झालं, आणि त्यातलं बरंचसं रास्त आहे. पण कौतुक करताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, ही रचना चालते का? दुसरी, तिने दिलेलं वचन विकत घेण्यासारखं होतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की दुसऱ्याचंही ‘हो’च असणार असं आपण धरून चालतो. तिथेच फसतो.

आधी रचना बघू, कारण ती खरोखर सुंदर आहे. त्या काळच्या इंटेलच्या बोर्डांवर मेमरीचा कारभार चिपसेटकडे असायचा. प्रोसेसरला मेमरीतलं काही हवं असलं की वाट चिपसेटमधून. एएमडीने २००३ साली ॲथलॉन ६४ काढला तेव्हा हा कारभार, म्हणजे मेमरी कंट्रोलर, थेट प्रोसेसरच्या आत नेला. आता प्रोसेसर आपली मेमरी स्वतः सांभाळणार आणि बाकीच्या बोर्डाशी हायपरट्रान्सपोर्ट नावाच्या एका जोडणीने बोलणार.

याचे परिणाम दोन झाले. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत गेला म्हणून मेमरीची जात बदलली की प्रोसेसर बदलावा लागणार, आणि त्याबरोबर सॉकेटही. तसंच झालं. सॉकेट ९३९ आलं २००४ च्या जूनमध्ये. मे २००६ मध्ये डीडीआर२ मेमरीसाठी एएम२ सॉकेट आलं. पिना ९३९ च्या ९४० झाल्या, पण जुना प्रोसेसर नव्यात बसेना आणि नवा जुन्यात. जेमतेम दोन वर्षं!

दुसरा परिणाम नेमका उलटा. प्रोसेसर आणि त्याची मेमरी हा आता एक सुटा संसार झाला होता. बोर्डाशी त्याचं मुख्य नातं एकाच जोडणीचं. मग तो संसार उचलून एका कार्डावर मांडता येतो. कार्डावर नवं सॉकेट, कार्डावरच नवी मेमरी, आणि खाचेतून हायपरट्रान्सपोर्ट खाली चिपसेटपर्यंत. ज्या रचनेमुळे सॉकेट इतक्या लवकर जुनं झालं, त्याच रचनेमुळे हे कार्ड शक्य झालं. एएसरॉकच्या अभियंत्यांनी हे ओळखलं. आणि कंपनीने शब्दही पाळला. २००६ मध्ये ‘एएम२सीपीयू बोर्ड’ नावाचं कार्ड खरंच बाजारात आलं. बोर्डावरचे जंपर हलवायचे, कार्ड उभं बसवायचं, आणि जुना बोर्ड नवा प्रोसेसर चालवू लागायचा.

इथपर्यंत शंभर गुण. आता वचनाकडे येऊ.

कार्ड लावलं की काय उरतं आणि काय जातं, याचा हिशेब मांडा. जुना प्रोसेसर बाजूला. जुनी डीडीआर मेमरी बाजूला, कारण नव्याला डीडीआर२ लागते. उरतो तो बोर्ड. म्हणजे तीन वस्तूंपैकी दोन नव्याने घ्यायच्या, वर कार्डाचे पैसे द्यायचे, आणि वाचवायचा कोणता? तर स्वस्त म्हणून घेतलेला बोर्ड! आपल्याकडे नालेसाठी घोडा घेतला म्हणतात, तो प्रकार. कार्ड ही नाल. प्रोसेसर आणि मेमरी हा घोडा.

बरं, घोडा तरी वेगवान होता का? एकाच घड्याळगतीचा ९३९ मधला आणि एएम२ मधला ॲथलॉन ६४ शेजारी ठेवले तर फरक किरकोळ होता. मेमरी बदलली होती, प्रोसेसरचा गाभा जवळपास तोच. आणि जुलै २००६ मध्ये इंटेलचा कोअर २ ड्युओ आला आणि एएमडीला मागे टाकून गेला. राखून ठेवलेला ‘उद्या’ उजाडला आणि दोन महिन्यांत कालचा झाला.

यातली खरी गंमत पुढे आहे. दुहेरी गाभ्याचा ॲथलॉन ६४ एक्स२ २००५ मध्येच आला होता, आणि तो सॉकेट ९३९ मध्ये बसत होता. म्हणजे एका गाभ्याचा प्रोसेसर असलेल्या माणसासाठी सर्वांत मोठी सुधारणा बोर्डावरच्या जुन्या सॉकेटमध्येच होती. बायोस अद्ययावत असलं की झालं. मेमरी तीच, कार्ड नको. शिवाय याच बोर्डावर एजीपी आणि पीसीआय एक्सप्रेस अशा ग्राफिक्स कार्डाच्या दोन्ही पिढ्यांच्या खाचा होत्या. जुनं एजीपी कार्ड आज चालवा, पैसे साठले की नवं घ्या. बोर्डाचं खरं औदार्य हे होतं. पण ‘भविष्य’ हे नाव मिळालं दुसऱ्याच खाचेला.

प्रोसेसरची कार्डं तेव्हाही नवी नव्हती. १९८० साली मायक्रोसॉफ्टने ॲपल २ साठी सॉफ्टकार्ड काढलं. त्यावर झेड८० प्रोसेसर होता. ॲपलचा स्वतःचा ६५०२ जागेवरच राहिला आणि कळफलक, पडदा, डिस्क यांचं काम करत राहिला. पण झेड८० मुळे त्या यंत्रावर सीपी/एम ही प्रणाली चालू लागली आणि वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम हाती आले. जुनं फेकलं नाही आणि नवं काम मिळालं. १९९२ पासून इंटेलने ४८६ च्या यंत्रांसाठी ओव्हरड्राइव्ह प्रोसेसर विकले. बोर्ड २५ मेगाहर्ट्झवर चाले, आतला गाभा ५० वर. बाहेरची वाट जुनीच, त्यामुळे वेग सरळ दुप्पट व्हायचा नाही, पण मेमरीसकट बाकी सगळं शाबूत राही.

या दोघांशेजारी एएम२ चं कार्ड ठेवा. अभियांत्रिकी म्हणून ते कमी नाही. पण ते नवं काम देत नाही आणि जुनं सामान वाचवत नाही. ज्याच्याकडे महागडं एजीपी कार्ड होतं आणि ते सोडायचं नव्हतं, अशा माणसाला त्याचा उपयोग होता. मी ते नाकारत नाही. बाकीच्यांसाठी सोन्यापेक्षा घडणावळ जास्त.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. ही खाच उपयोगी ठरावी यासाठी किती जणांनी एका दिशेने चालायला हवं होतं? एएमडीने हायपरट्रान्सपोर्ट टिकवायला हवं. एएसरॉकने कार्ड काढायला हवं, आणि पुढच्या प्रत्येक प्रोसेसरसाठी बायोस द्यायला हवं. बोर्डावरचा चिपसेट यूएलआय कंपनीचा. ती कंपनी २००६ मध्ये एनव्हिडियाने विकत घेतली. पैसे भरले गिऱ्हाइकाने, आणि या सगळ्यांत त्याच्या हातात काहीच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, ‘पुढे वाढवता येईल’ असं कुणी म्हणालं की आपण विचारावं: वाढवताना माझं काय वाचणार? आणि ज्याने वाढवायचं ते आज दुकानात आहे का? ९३९ सॉकेट आणि एजीपीची खाच या दोन्ही प्रश्नांना उत्तर देत होत्या. फ्यूचर सीपीयू पोर्ट विकला गेला तेव्हा एकालाही देत नव्हता. पुढे कार्ड आलं, दुसऱ्याचं उत्तर मिळालं. पहिल्याचं उत्तर मात्र ‘फक्त बोर्ड’ एवढंच राहिलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.