घाणेरीचे रसग्रहण आणि कऱ्हाडचे व्यासपीठ

दुर्गाबाई भागवत (१९१०–२००२) यांच्या वाङ्मयाचा विचार करताना आपल्याकडील समीक्षेने त्यांचे दोन भाग पाडून ठेवले आहेत. एक दुर्गाबाई 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या; झाडापानांत रमणाऱ्या, ललित निबंधाला नवे वळण देणाऱ्या. दुसऱ्या दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात बोलणाऱ्या. पहिलीचे रसग्रहण करावयाचे आणि दुसरीला वंदन करावयाचे, असा जणू संकेतच रूढ झाला आहे. विद्यापीठीय अभ्यासक्रमातही 'ऋतुचक्र' ललित गद्याच्या पत्रिकेत येते आणि कऱ्हाडचे भाषण वाङ्मयेतिहासाच्या पत्रिकेत. दोहोंची गाठ परीक्षार्थ्याच्या मनात कधी पडत नाही. ही वाटणी मला मूलतः चुकीची वाटते. ज्या दृष्टीने दुर्गाबाईंनी झाड पाहिले त्याच दृष्टीने त्यांनी सत्तेकडे पाहिले, आणि या दोहोंना सांधणारा दुवा त्यांच्या वाङ्मयातच उपलब्ध असून आपण तिकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे या टिपणाचे म्हणणे आहे.

या विचाराला निमित्त घडले ते वर्गातील एका आक्षेपाचे. आमच्या पदव्युत्तर वर्गात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून तासाला येणारा एक विद्यार्थी आहे. ज्या फाउंड्रीत तो काम करतो तिच्या मागील बाजूस साच्यांतून निघालेल्या काळ्या वाळूचे ढीग पडलेले असतात आणि त्यांच्या कडेने घाणेरी, रुई, एरंड व गाजरगवत माजलेले असते. 'ऋतुचक्र' आणि थोरो यांविषयी मी काही बोलत असता त्याने विचारले, "सर, साधी राहणी ज्याला निवडता येते त्याचे हे वाङ्मय. ज्याच्यावर ती लादली गेली आहे त्याने यातून काय घ्यायचे?" प्रश्न उद्धट नव्हता. मला त्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही.

प्रथम घाणेरीकडेच वळू. 'ऋतुचक्र' १९५६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील 'वसंतहृदय चैत्र' हा लेख पुष्कळांना शालेय पाठ म्हणूनच परिचित आहे आणि शालेय पाठ होण्याचा शाप त्यालाही भोवला आहे. आपण त्यातील पिंपळाच्या कोवळ्या पालवीचे वर्णन लक्षात ठेवतो, कारण पिंपळाला परंपरेनेच प्रतिष्ठा आहे. परंतु त्याच लेखात दुर्गाबाई घाणेरीपाशी थांबतात आणि तिच्या फुलांच्या रंगसंगतीचे जे बारकाईने निरीक्षण करतात ते अधिक महत्त्वाचे आहे. घाणेरी हे नावच मुळी निकाल देऊन मोकळे होणारे. दुर्गाबाईंना तो निकाल मान्य नाही. राजस्थानी बोलीतील 'चुनडी' हे नाव त्या जवळ करतात. येथे घडते काय? रूढ नाव बाजूस सारून वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली जाते, नंतर दुसऱ्या एका समाजाने तिला दिलेल्या नावाची साक्ष काढली जाते. निरीक्षण आणि साक्ष ही त्यांची पद्धती. त्यात भावनेचा ओलावा आहे, परंतु भावनेची घाई नाही. घाणेरीच्या गुच्छात फुले कडेकडून आत उमलत जातात व जुनी होताना रंग पालटतात, म्हणून एकाच गुच्छात दोन-दोन रंगांची वलये दिसतात. हे शास्त्रीय कारण ज्ञात असो वा नसो, दुर्गाबाईंच्या वर्णनातील रंगांची जोडी त्या कारणाशी विसंगत ठरत नाही. अचूक पाहणाराचे वर्णन शास्त्राच्या आड येत नाही, याचा हा चांगला दाखला होय.

जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले त्याच सुमारास, १९५५-५६ साली, पुण्याच्या परिसरात गाजरगवताकडे वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष गेले. पुढे ते देशभर पसरले. महाराष्ट्रातील खेडुतांनी त्याला सरळ 'काँग्रेस गवत' म्हणावयास सुरुवात केली. या नावाच्या निरनिराळ्या व्युत्पत्ती सांगितल्या जातात. त्यांत शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु शिव्या देणाऱ्याला कोणत्याही परवान्याची गरज न भासता एखादे राजकीय मत वनस्पतीच्या नावात बेमालूम ठेवून देता येते, ही लोकवाणीची शक्ती लोकसाहित्याच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंना परकी नव्हती. वृत्तपत्रांवर नियंत्रण येते. बांधावरच्या गवताच्या नावावर येत नाही.

आता मघाशी उल्लेखिलेल्या दुव्याकडे येऊ. १९५६ आणि १९७५ या दोन वर्षांच्या मध्यावर, १९६५ साली, दुर्गाबाईंनी केलेला थोरोच्या 'वॉल्डन'चा अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने प्रसिद्ध झाला. अनुवाद म्हणून त्याची दखल घेतली गेली, पण दुर्गाबाईंच्या विचारविकासातील टप्पा म्हणून ती क्वचितच घेतली जाते. थोरो १८४५ च्या ४ जुलैला वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहावयास गेला आणि १८४७ च्या सप्टेंबरात परतला. दरम्यान, १८४६ साली, डोईपट्टी न भरल्यामुळे त्याने एक रात्र तुरुंगात काढली आणि त्या अनुभवातून निघालेला सविनय कायदेभंगावरील निबंध १८४९ साली छापला गेला. झाडे मोजणारा, फुलण्याच्या तारखा वर्षानुवर्षे टिपून ठेवणारा आणि कर नाकारणारा असा हा एकच माणूस. त्याच्या फुलण्याच्या नोंदी एकविसाव्या शतकात बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी हवामानबदलाच्या अभ्यासासाठी वापरल्या, इतक्या त्या विश्वसनीय होत्या. दुर्गाबाईंनी अनुवादासाठी हाच लेखक निवडावा हा योगायोग नव्हे.

अनुवादाचे शीर्षकही बोलके आहे. मूळ ग्रंथाच्या पूर्ण नावात अरण्यातील जीवनाचा उल्लेख आहे. दुर्गाबाईंनी अरण्य वगळले आणि विचार पुढे आणला. शिवाय 'विहार' हा शब्द योजला. मराठी वाचकाला विहार म्हणजे सहल वाटते. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात भिक्षूंचे निवासस्थान ऐकू येते. दुर्गाबाई तशा अभ्यासक होत्या, हे विसरता कामा नये. प्राचीन बौद्ध विनयशास्त्रावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध 'अर्ली बुद्धिस्ट जुरिसप्रुडन्स' हा १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 'ऋतुचक्रा'च्या चाहत्यांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिला असेल, कोण जाणे!

आणि येथेच मला या विषयाचा गाभा सापडतो असे वाटते. विनयपिटकातील भिक्षूंचे नियम कोरडे कायदे म्हणून वाचले तर कंटाळवाणे आहेत. परंतु त्यांतील तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या. पहिली वर्षावासाची. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात आणि हिरवे गवत व कोवळे अंकुर तुडवितात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून भिक्षूंनी पावसाळा एका जागी काढावा असा नियम झाला, असे महावग्ग सांगतो. दुसरी भूतगामाविषयीच्या पाचित्तियाची : सजीव वनस्पतीचा नाश करणे हा भिक्षूचा दोष ठरविला आहे. तिसरी प्रवारणेची. वर्षावास संपला की प्रत्येक भिक्षू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, संघापुढे हात जोडतो आणि माझ्या हातून काही प्रमाद घडलेला कोणी पाहिला, ऐकला वा कोणाला शंका आली असेल तर सांगावे, अशी विनंती करतो. मोजक्या वस्तूंवर राहणे, झाडाला इजा न करणे, आणि मित्राला दोष सांगण्याचे स्वातंत्र्य आपणहून देणे ही एकाच पावसाळ्यातील, एकाच छपराखालील आचरणे आहेत. विनयात वाणीचे स्वातंत्र्य हा सत्तेकडून मिळविलेला हक्क म्हणून येत नाही. ऐकणाऱ्याने आधी स्वतःला मोकळे करावयाचे असते. बोलणाऱ्याची निर्भयता त्यामागून येते. कल्याणमित्र ही बौद्ध कल्पना ती हीच.

दुर्गाबाईंनी हे सूत्र कोठे मांडून ठेवले आहे असे माझे म्हणणे नाही. तरुणपणी ज्या व्यक्तीने या नियमांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला तिला पुढे थोरोची ओढ वाटली, यात मला संगती दिसते, एवढेच. थोरोच्या झोपडीत तीन खुर्च्या होत्या आणि त्यांतील दुसरी मैत्रीसाठी होती. ज्याच्यासमोर खोटे बोलण्याची गरज उरत नाही तो मित्र, हा त्याच्या मैत्रीविषयक चिंतनाचा आशय दुर्गाबाईंना ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

मात्र थोरोला एवढ्यावर सोडून चालणार नाही, कारण विद्यार्थ्याचा आक्षेप अद्याप उभाच आहे. 'वॉल्डन'मध्येच त्याचे एक पूर्वरूप आढळते. 'बेकर फार्म' या प्रकरणात पावसाने गाठल्यामुळे थोरो जॉन फील्ड नावाच्या आयरिश मजुराच्या गळक्या घरात आसरा घेतो. फील्ड दुसऱ्याच्या शेतात दलदल उकरून पोट भरतो. थोरो त्याला उपदेश करतो की चहा, कॉफी, लोणी, मांस सोडलेस तर त्यांच्यासाठी एवढे राबावे लागणार नाही. फील्ड आणि त्याची बायको ऐकून घेतात. पटत मात्र नाही. या प्रकरणात थोरोचा स्वर मला नेहमी खटकत आला आहे. ज्या जमिनीवर त्याची झोपडी उभी होती ती एमर्सनच्या मालकीची होती. थकलेला करही दुसऱ्याच कोणी भरल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी सुटला. फील्डच्या घरावर असे छत्र धरणारा कोणी नव्हता. थोरोने फील्डला पुष्कळ सांगितले. फील्डला काय सांगावयाचे आहे हे विचारले नाही. प्रवारणेच्या कसोटीवर थोरो येथे उणा पडतो.

दुर्गाबाई या बाबतीत आपल्या गुरूहून सरस ठरतात, असे मला म्हणावयाचे आहे. त्या अरण्यात राहावयास गेल्या नाहीत. मुंबईसारख्या नगरात राहून त्यांनी झाडे पाहिली. मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये संशोधन करीत असता विषारी सुरणाची बाधा होऊन त्यांना वर्षानुवर्षे आजारपण काढावे लागले, म्हणजे वनस्पतिसृष्टीची दुसरी बाजूही त्यांनी देहावर सोसली होती. त्यानंतर लिहिलेल्या 'ऋतुचक्रा'त कडवटपणा नाही, तसा भाबडेपणाही नाही. आणि साध्या राहणीचा उपदेश त्या करीत नाहीत. 'खमंग' लिहिणाऱ्या लेखिकेला चवीचे वावडे नव्हते. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांनी केंब्रिजला बटाट्यातील सायटोक्रोम शोधून काढला व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. एकीने झाडाचा रंग पाहिला, दुसरीने पेशीतील रसायन. स्वयंपाकघर दोघींनाही तुच्छ वाटले नाही. दुर्गाबाईंचा साधेपणा हा उपभोग नाकारण्यात नसून मिंधेपणा नाकारण्यात आहे. शासकीय सन्मान त्यांनी नाकारले ते याच कारणाने. आणि हा साधेपणा शिरोलीतील पाळीवरच्या माणसालाही निषिद्ध नाही, कारण त्याला तळ्याकाठची जमीन लागत नाही.

कऱ्हाडचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा. शिरोलीवरून जाणारा पुणे–बंगळूर महामार्गच उत्तरेकडे सुमारे ७० किलोमीटरवर कऱ्हाडला पोचतो. २५ जून १९७५ ला आणीबाणी पुकारली गेली होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, आणि वर्षअखेरीस भरलेल्या त्या ५१ व्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्रिमंडळातील यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न तेथे उघडपणे मांडला आणि मुंबईत रुग्णशय्येवर असलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन श्रोत्यांना केले. पुढील वर्षी त्यांना अटक झाली. या घटनेचे वर्णन आपण नेहमी 'रणरागिणी' वगैरे विशेषणांनी करतो. त्या विशेषणांनी माझे समाधान होत नाही. त्या मांडवात प्रार्थनेची निवड का झाली असावी? आजारी मित्रासाठी उभे राहणे हे कृत्य कोणत्याही हुकुमाने मना करता येत नाही. आणि तरीही, त्या दिवसांत, त्याहून स्पष्ट राजकीय विधान दुसरे नव्हते. येथेही रूढ नाव बाजूला सारले गेले. शासनाने ज्याला राष्ट्राचा शत्रू म्हटले होते त्याला दुर्गाबाईंनी एक आजारी माणूस म्हणून पाहिले व तसे म्हटले. घाणेरीच्या बाबतीत वीस वर्षांपूर्वी केले तेच.

एका ठिकाणी मात्र दुर्गाबाईंशी मतभेद नोंदवावा लागतो. घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. आपल्या डोंगरउतारांवर ती देशी झुडपांना व गवतांना दडपून टाकते, हे आज सर्वमान्य आहे. सह्याद्रीतील कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतींच्या संवर्धनासाठी कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. श्रीरंग यादव यांनी जे काम केले ते ठाऊक असलेल्या वाचकाला घाणेरीचे कौतुक निर्भेळ आनंदाने वाचता येणे कठीण आहे. तिरस्कृताला न्याय देताना त्याच्या सावलीत कोण गुदमरते हेही पाहावे लागते, आणि 'ऋतुचक्र' हे पाहत नाही. १९५६ साली तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आजच्या अभ्यासकाने हा भाग गाळून स्तुती करणे अधिक अन्यायाचे.

त्या विद्यार्थ्याला मी 'बेकर फार्म' प्रकरण मूळ इंग्रजीत आणि दुर्गाबाईंच्या मराठीत शेजारी ठेवून वाचण्यास सांगितले : फील्डच्या वाट्याला आलेला स्वर अनुवादात कोठे मऊ झाला आहे काय, हे पाहण्यासाठी. ते काम अजून चालू आहे. दरम्यान त्याने आपण होऊन दुसरेच काही आणून दिले. जेवणाच्या सुटीत वाळूच्या ढिगाकडेची झाडे पाहून सहकाऱ्यांकडून जमविलेल्या नावांची ती वहीची दोन पाने आहेत. रुईच्या पुढे तीन नावे आहेत. गावाकडचा 'रुई' म्हणतो, सीमेपलीकडून आलेला 'एक्क', आणि बिहारातला 'मदार'. यावरून तेथे अर्धा तास वाद झाला म्हणे. शेवटी तिन्ही नावे लिहावी असे ठरले, आणि कोणाचे नाव आधी लिहावे यावर पुन्हा वाद झाला.