उतारावरचे जोते

जुन्या घराचे सौंदर्य पाहायला निघालेला माणूस दारावरची कोरीव पट्टी न्याहाळतो, कौलांची लाली डोळ्यांत भरून घेतो, ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांपाशी रेंगाळतो. जोत्यापर्यंत त्याची नजर क्वचितच उतरते. आज आपण मुद्दाम खाली पाहू. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली येते, आणि तिथून मोहने गावातून उल्हास नदीच्या दिशेने निघाले की पायांना आधी कळते की जमीन हळूहळू उतरते आहे. या उतारावर गावठाणात जी थोडी जुनी घरे अजून तग धरून आहेत, त्यांच्या जोत्याचा नदीकडचा कोपरा हा आपल्या रसास्वादाचा विषय.

चढाकडच्या बाजूला हे जोते जेमतेम वीतभर वर दिसते. भिंतीच्या कडेने आपण उताराकडे चालू लागलो की ते आपल्यासोबत उंच होत जाते. आधी गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे. आपली पावले खाली खाली जात असतात, पण दगडांच्या सर्वांत वरच्या थराची रेघ मात्र शेवटपर्यंत आडवी, निश्चल, तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट राहते. निसर्गाने दिलेली तिरकी जमीन आणि माणसाने आखलेली आडवी रेघ यांच्यामध्ये जो निमुळता त्रिकोण उरतो, तो भरून काढण्यात गवंड्याचे सगळे कौशल्य पणाला लागते. उतारावरचा पाया तो तिरका खणत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी खणतो, म्हणजे प्रत्येक दगडाला आडवी बैठक मिळते आणि जोत्याला नदीकडे घसरण्याचा मोह होत नाही. या पायऱ्या मातीत गाडलेल्या असतात. घरात जन्मलेली आणि तिथेच म्हातारी झालेली माणसेही त्या कधी पाहत नाहीत. पण सर्वांत खालच्या थरातले ते अवाढव्य, ओबडधोबड, दोघातिघांनी पहारीने रेटत आणलेले दगड पाहिले, की जमिनीखालच्या त्या अदृश्य जिन्याची कल्पना आपल्याला करता येते.

ही माती समजून घेतल्याशिवाय या कोपऱ्याची गोडी पुरती कळायची नाही. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर ओलांडत कल्याणच्या आसमंतात येईपर्यंत सुस्तावते आणि बरोबर आणलेला गाळ काठांवर पसरते. ही चिकण माती भाताच्या खाचरांना जितकी मानवते, तितकी घरांना मानवत नाही. वैशाखात ती आटते, आकसते, तिला तळहात बसावा एवढ्या भेगा पडतात. आषाढात पाणी पिऊन ती फुगते आणि अंगावर उभे असलेले सगळे उचलू पाहते. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे या मातीचा एक श्वास वर्षभर चालतो, आणि उतार असेल तर प्रत्येक श्वासागणिक ती केसभर खाली सरकते. जुन्या माणसांनी भाताला खोलगट चिकण जमीन दिली आणि स्वतःची घरे वरकस, मुरमाड चढाला टेकवून बांधली, त्यामागे हा पिढ्यांचा अनुभव होता.

आता दगडाकडे वळू. हा आपला काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेल्या लाव्हाचा. उन्हात तो करडा दिसतो. पहिल्या पावसात भिजला की निळसर काळ्या रंगाची अशी काही झळाळी धरतो, की हे घर पावसाळ्यासाठीच नटले असावे असे वाटते. त्याचा पोत दाट असल्यामुळे तो पाणी फारसे शोषत नाही. याच पट्ट्यात, उल्हास आणि काळूच्या काठांवर, वीटभट्ट्या वर्षानुवर्षे धुमसत आल्या आहेत आणि आसपासची शहरे त्यांच्या विटांनी उभी राहिली आहेत. पण सर्वसाधारण विटेने चोवीस तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी भारतीय मानक तिला उत्तीर्ण करते. जमिनीतली ओल वर चढते ती अशाच बारीक छिद्रांच्या वाटेने. म्हणून भिंत विटेची किंवा कुडाची असली तरी जोते दगडाचेच, हा जुना रिवाज. ओल या काळ्या थरापाशी येते आणि तिथेच थबकते.

त्या दगडाचे तोंड आणि त्याची शेपूट यांतला फरक तर निवांतपणे पाहण्याजोगा. बाहेर दिसणारे तोंड छिन्नीने टिपून चौकोनी केलेले, कडा सरळ, अंगावर टाक्यांची बारीक नक्षी. आणि आत, भरावात शिरलेली शेपूट मात्र खाणीतून आली तशी, वाकडीतिकडी, लांबच लांब. शोभेसाठी लागते तेवढे तोंड घडवले आणि पकडीसाठी हवी तेवढी शेपूट रानटी ठेवली. ही निवड ज्यांच्या हातांत मुरली होती ते पाथरवट आणि वडार. गाडीवर दगड वाहणारे गाडीवडार, मातीकाम करणारे मातीवडार, जाती-पाटे टाकणारे पाथरवट, अशा पोटजातींनी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचे, विहिरींचे आणि बंधाऱ्यांचे पाय रोवले. एकाही जोत्यावर त्यांचे नाव नाही. टाक्यांच्या खुणा तेवढ्या आहेत, आणि बोट फिरवले तर डावखुऱ्या हाताची तिरकी रेघ उजव्या हाताच्या रेघेपासून वेगळी ओळखता येते.

कोपऱ्यात तर ही कला ऐन बहरात येते. एका थरातला लांब दगड नदीकडे तोंड करून झोपतो, वरच्या थरातला लांब दगड त्याच्यावर आडवा होऊन गल्लीकडे पाहतो. पुन्हा नदीकडे, पुन्हा गल्लीकडे. दोन भिंती एकमेकींच्या हातात हात गुंफून उभ्या राहतात. खालच्या थराचा सांधा वरच्या थरातल्या सांध्याशी कुठेही जुळू दिलेला नाही. जुळला असता तर मातीच्या एका हिसक्यात ती चीर वरपर्यंत धावली असती. आणि दोन मोठ्या दगडांच्या मधल्या फटीत ठोकून बसवलेल्या कपच्या पाहा. प्रत्येक फट निराळी, म्हणून प्रत्येक कपची निराळी. गवंडी ढिगातून एक उचलतो, फिरवून पाहतो, टाकतो, दुसरी उचलतो, आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत ती अशी बसते की पुन्हा उपटून काढणे मुश्कील. मला विचाराल तर या सगळ्या रचनेचे मर्म या कपच्यांतच आहे. मोठा दगड भार घेतो, हे कुणालाही दिसते; त्याला डुगडुगू न देण्याचे काम मुठीत मावणारा हा तुकडा करत असतो.

घराच्या मागच्या बाजूला, चढ कापून जागा काढलेली असते तिथे, माती अडवणारा दगडी बांध आपल्याला भेटतो. हा बहुधा कोरडा, चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेला. आपण त्याच्या बाजूला जाऊन एक डोळा मिटून पाहिले, तर तो ताठ उभा नाही, मातीच्या अंगावर किंचित रेलला आहे, हे ध्यानात येते. गवंडी याला सलामी देणे म्हणतात. मुळाशी रुंद, माथ्याशी अरुंद. पायाची रुंदी उंचीच्या साधारण निम्मी. दर पाच-सहा फुटांवर एक लांब दगड तोंडापासून पाठीपर्यंत आरपार घातलेला, आणि वरच्या थरांत तो आलटूनपालटून सरकवलेला, म्हणजे पुढची रांग मागच्या भरावापासून फुगून सुटत नाही. दगडांमागे थेट माती भिडवलेली नसते. मध्ये डबराचा, मग बारीक खडीचा पट्टा, जेणेकरून पाणी गाळून यावे आणि मातीने आपल्या जागी थांबावे.

या बांधाची खरी लज्जत मात्र भर श्रावणात. पावसाची एक मोठी सर येऊन गेली की घटकाभराने त्याच्या असंख्य सांध्यांतून पाणी पाझरू लागते. कुठे थेंब, कुठे बारीक धार, कुठे नुसतीच शेवाळाची ओली झिलई. पाणी निवळ असते, आणि हीच या कारागिरीची परीक्षा. गढूळ पाणी आले तर समजावे की मागची माती वाहून चालली आहे. हा पाझर किती मोलाचा, ते एका साध्या हिशेबाने कळते. दोन मीटर उंच, पण कुठेही फट नसलेल्या भिंतीमागे पाणी काठोकाठ साचले, तर लांबीच्या प्रत्येक मीटरवर निव्वळ पाण्याचा रेटा दोन टनांचा, आणि ओल्या मातीचा त्याहून वेगळा. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री, मुसळधार पावसात, मालाडच्या पिंपरीपाड्यात एक भिंत वस्तीवर कोसळली आणि वीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. त्याच रात्री कल्याणातही शाळेची भिंत पडून माणसे दगावली. भिंत हा विषय या शहरांना रसिकतेपुरता ठेवता येत नाही. मोहन्यातल्या कोरड्या बांधाचे पाझरणे मला सुंदर वाटते, ते या आठवणीमुळे अधिकच.

जोत्याच्या पोटात काय असते? मुरूम. थराथराने पसरलेला, पाणी मारून चोपलेला, आणि मग वर शेणाने सारवलेली किंवा शहाबादी फरशीची जमीन. नुसती वाळू किंवा दगडगोटे भरले असते तर त्यांच्या पोकळ्यांत पाणी साचून खालची चिकण माती आणखी फुगली असती. चोपलेला मुरूम मातीला दाबूनही धरतो आणि स्वतः फुगतही नाही. पुढे आयआयटी मुंबईतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केले आणि बांधकाम व ती माती यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, पण अंगात चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर घालण्याची पद्धत मांडली. योग्य प्रतीचा मुरूम त्या थराला चालतो. प्रयोगशाळेतल्या मोजमापांनी सिद्ध झालेली ही गोष्ट आणि गावच्या गवंड्याने टोपलीने ओतलेला मुरूम एकाच ज्ञानाच्या दोन टोकांना उभे आहेत, हे पाहून मन हरखते.

थोडे दूर गेलो तर याच पाषाणाचे राजवैभवही दिसते. वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे, शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहारांच्या काळातला शिलालेख अंगावर घेऊन. तिथले गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून आपण त्याच्या गारव्यात शिरतो. ओलसर नदीकाठी, जवळपास एक सहस्र पावसाळे झेलून हा पाषाणसंभार उभा आहे. तिथली शिल्पे पाहताना आपले भान हरपते, आणि हरपावेच. पण अधिष्ठानाच्या थरांवर क्षणभर हात ठेवला, तर मोहन्याच्या कोपऱ्यातले ते आडवे-उभे दगड त्याच घराण्यातले आहेत, हे तळहाताला कळते.

मोहन्याला शहराची ओळख दिली ती नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनने, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआरसीने. कारखान्याभोवती वसाहत आली, चाळी आल्या, आणि २००९ मध्ये कारखाना बंद पडल्यानंतरही घरे वाढतच राहिली. आता जुन्या जोत्यांना सिमेंटचा गिलावा चढतो, त्यावर चकचकीत टाइल्स लागतात, मागच्या बांधाच्या फटी मसाल्याने बुजवल्या जातात, आणि दोनतीन पावसाळ्यांत घरातल्या भिंतींवर ओलीचे नकाशे उमटतात. ज्यांची ऐपत आहे त्यांनी काँक्रीटची भिंत जरूर बांधावी. ती पातळ असते, जागा कमी खाते, आणि आज ऐसपैस जागा कुणाकडे आहे? मात्र तिच्यातही दर दीड-दोन मीटरवर बाहेर किंचित उतरता पाइप ठेवावा लागतो आणि त्यामागे खडीचा पट्टा भरावा लागतो. तो ठेवला आहे की नाही, हे भिंत भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

मोहने, वडवली, अटाळी, गाळेगाव या भागात ज्यांचे जुने घर आज ना उद्या पाडले जाणार आहे, त्यांना एवढेच विनवणे आहे. जोत्याचे घडीव दगड डंपरमध्ये भरून देऊ नका. नव्या इमारतीच्या मागच्या उतारावर त्यांचा कोरडा बांध रचून घ्या, ते काम जाणणारा म्हातारा गवंडी अजून जवळपास असेल तर त्याला बोलवा, त्याच्या हाताखाली एक तरुण द्या आणि दोघांनाही पुरी मजुरी द्या. मे महिना संपण्याआधी काम उरका.