बारीक गळावरचे वाढते ओझे

ट्राउट माशासाठी गळावर बांधल्या जाणाऱ्या बारीक निंफ माश्यांचे, म्हणजे पाण्याखालच्या किड्यांच्या नकलांचे, आज जितके प्रकार विकत मिळतात, तितके पूर्वी कधीच मिळत नव्हते. वीस, बावीस, चोवीस क्रमांकाचे गळ (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो) आता धारदार आणि मजबूत येतात. तीस डेनियरचा दोरा हातात तुटत नाही. बांधणाऱ्यांचे कसबही वाढले आहे, याबद्दल वाद नाही. तरीही मला ही कला आज चुकीच्या वाटेने चाललेली दिसते. तिने आजवर जे कमावले ते एकेक गोष्ट वगळून कमावले, आणि अलीकडे मात्र ती भरच घालत सुटली आहे.

ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखाली चालते. धरणाखालच्या नद्यांत तर हे फारच ठळकपणे दिसते. जलाशयाच्या तळातून सुटणारे थंड पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचे राहते, त्यामुळे मिज नावाची न चावणारी चिलटे ऐन हिवाळ्यातही निघत राहतात. कोलोरॅडोतली चीझमन धरणाखालची साउथ प्लॅट किंवा न्यू मेक्सिकोतली नवाहो धरणाखालची सॅन वान या नद्यांतले हातभर लांबीचे मासे असल्या काही मिलिमीटरच्या किड्यांवर पोसतात. पाणी नितळ आणि संथ असले की आलेला घास निरखायला माशाला भरपूर सवड मिळते. तिथे बांधणीतली चूक लपत नाही.

या विद्येचा पाया इंग्लंडच्या चुनखडी नद्यांवर घातला गेला. फ्रेडरिक हॅलफर्ड आणि त्याच्या अनुयायांनी तरंगती माशी हाच सभ्य मार्ग ठरवून टाकला होता. जी. ई. एम. स्क्यूजने इचेन नदीवर वेगळे पाहिले. पकडलेल्या ट्राउटच्या पोटातला ऐवज तो लांबट चमच्याने काढी, पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सोडी आणि मासा खरोखर काय खात होता ते तपासी. 1910 साली त्याचे पहिले पुस्तक आले. 1938 मध्ये, ऐंशीच्या घरात पोचलेल्या या माणसाला लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमधल्या वादसभेत निंफची बाजू मांडावी लागली. इतका काळ हा वाद धुमसत होता.

त्याच्यानंतरचा फ्रँक सॉयर हा विल्टशरमधल्या एव्हन नदीचा राखणदार. फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची त्याची निंफ म्हणजे मला या कलेतला सर्वोच्च क्षण वाटतो. तिच्यात दोराच नाही. केसाएवढी बारीक तांब्याची तार गळावर गुंडाळून आधी छातीचा उंचवटा करायचा. मग पिसाचे चार तंतू मागे टोके राखून बांधायचे, ती टोके म्हणजे शेपटी. तेच तंतू तारेला पीळ देऊन पुढे गुंडाळत न्यायचे आणि उरलेले छातीवर पुढे-मागे दुमडून पंखांचा कोष करायचा. बांधणे, वजन आणि तपकिरीखालची लालसर झाक ही तिन्ही कामे एकटी तार करते. पाय त्याने लावलेच नाहीत, कारण पोहणारी निंफ पाय अंगाशी मिटून घेते हे त्याने नदीकाठी बसून पाहिले होते.

तीच दृष्टी पुढे साउथ प्लॅटवर दिसते. ब्रासी म्हणजे गळावर तांब्याची तार आणि डोक्याशी केसांची चिमूट, बस्स. कोरियातून आलेल्या रिम चुंगने 1970च्या दशकात आरएस-2 बांधली. तिला फाकवलेल्या दोन तंतूंची शेपूट, बीव्हरच्या मऊ केसांचे निमुळते अंग आणि छातीवर पिसाच्या मुळाशी असणाऱ्या लवेचा आखूड तुरा. तो तुरा पाण्यात हलतो आणि कोषातून बाहेर पडू पाहणाऱ्या किड्याच्या पंखांचा भास देतो. एवढ्या थोडक्या सामानातून इतकी जिवंत हालचाल दुसऱ्या कुणाला साधलेली मला माहीत नाही.

आणि आता टंगस्टनचा मणी. बावीस नंबरच्या गळाची दांडी जेमतेम चार-पाच मिलिमीटरची, त्यावर दीड मिलिमीटरचा मणी म्हणजे अंगाच्या एक तृतीयांश नुसते डोके. मिजचा कोष त्वचेखाली वायू भरून हळूहळू वर चढत असतो, ही माशी मात्र दगडासारखी तळ गाठते. स्पॅनिश स्पर्धकांनी रुळवलेली, राळेचा चकचकीत लेप दिलेली पेर्डिगोन वेगवान, खोल धारेत उत्तम काम करते, कारण तिथे क्षणात बुडणे हीच गरज असते. तिचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण धारेसाठी घडवलेले हत्यार निवांत डोहात, सर्वांत बारीक क्रमांकांवर सर्रास चढवले जाते, तिथे माझा विरोध आहे.

याचा परिणाम मासेमारीवरही झाला. सॉयर सहसा मासा दिसल्याशिवाय गळ टाकत नसे. निंफ माशासमोर आली की काठीचे टोक किंचित उचलायचे, ती वर निघाल्यासारखी दिसे आणि मासा वळे. त्याच्या तोंडाची पांढरी आतली बाजू क्षणभर चमकली की ओढायचे. आता बहुतेकांची नजर मासा लागला की हलणाऱ्या तरंगत्या इंडिकेटरवर खिळलेली असते. मासा कुठे आहे, किती खोलीवर खातो आहे, हे शोधणे मागे पडले, आणि बांधणारालाही आपली माशी माशाने का नाकारली हे दिसेनासे झाले.

वजनाची गरज खरीच आहे, पण ते माशीवरच का लादायचे? आरएस-2 च्या वीतभर वर दोऱ्यावर लहानसा छर्रा दाबला तर खोलीही मिळते आणि माशी आपल्या मर्जीने झुलते. मण्याच्या जागी बीव्हरच्या केसांचे दोन वेढे जास्त दिले की छातीचा फुगवटा येतो. शिवाय बावीस नंबरच्या गळाचा आधीच अरुंद असलेला जबडा मोकळा राहतो, आणि मासा नीट अडकतो.